सांगणाऱ्याचे नाव

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस वाशीच्या मसाला मार्केटात शिरलेल्या माणसाला वाट विचारावी लागत नाही. त्याचे नाकच त्याला नेते. मिरचीच्या गाळ्यापाशी ठसका लागतो, धण्याच्या गाळ्यापाशी तो शमतो, वेलदोडे-दालचिनीच्या बाजूला क्षणभर कुणाच्या तरी लग्नघरात आल्यासारखे वाटते, आणि हळदीच्या पोत्यांपाशी पोचेपर्यंत पदराचा काठ पिवळा झालेला असतो. सरकारी कागदावर ह्या जागेचे नाव मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती असे लांबलचक आहे. पण तुर्भे-वाशीकडे एवढा श्वास कुणापाशी आहे? रिक्षावाल्यापासून शेठजीपर्यंत सगळे तिला एपीएमसी म्हणतात.

मी दरवर्षी इथे उटण्याचे सामान घ्यायला येते. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी अशी माझी ठरलेली यादी असते. यंदा मात्र माझ्याबरोबर तेवीस मुले होती, प्रत्येकाच्या हातात वही होती, आणि आमच्या यादीत सामानाऐवजी प्रश्न होते. असे का झाले ते सांगायचे म्हणजे मला वाचकांना थोडे दूर, चारशे-साडेचारशे वर्षे मागे न्यावे लागेल. पण त्यासाठी फराळाचे ताट बाजूला ठेवण्याचे कारण नाही. सगळी कथा अखेर स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्याशीच येऊन थांबते.

तुर्भ्याला एका लहानशा संस्थेचा संध्याकाळचा वर्ग चालतो. माथाड्यांची, टेम्पोवाल्यांची, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांची मुले तिथे शिकतात. मी त्यांची बाई. कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे मला लोक लेखिका म्हणतात. वर्ग घेते, म्हणून शिक्षिका म्हणतात. पण माझे स्वतःचे शिक्षण दहावीला थांबले. आमच्या घरी तिला अजून मॅट्रिकच म्हणतात. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

गेल्या हिवाळ्यात मी ह्या मुलांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेले आणि बागेलगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दाखवले. भायखळा त्यांना तसा परका नव्हता. १९८१ साली कांदा-बटाट्याचा बाजार पहिल्याने खाडी ओलांडून वाशीला आला, मशीद बंदराच्या दाटीतले मसाले आणि धान्य त्याच्या मागोमाग आले, आणि १९९६ साली भायखळ्याची भाजीही आली. तोवर ह्या मुलांपैकी काहींचे आजोबा भायखळ्याच्या मंडईतच पाट्या वाहत होते. मुलांना उत्सुकता होती ती दुसऱ्याच गोष्टीची. "बाई, वाघनखं तिथंच हाईत का?" असे त्यांनी मला गाडीत दहा वेळा विचारले.

वाघनखे तिथे नव्हती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात पाठवली, आणि २०२४ सालच्या जुलै महिन्यात ती प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात आली. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहासकार जेम्स ग्रँट डफ ह्याच्याकडून ती विलायतेत गेली. ती हीच, शिवछत्रपतींच्या हातातली, असा पुरावा आपल्यापाशी नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले आहे. तरी दर्शनाला रांगा लागल्या, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. वस्तू परत आली की माणसाला आपलाच एक तुकडा परत आल्यासारखे वाटते. मौज अशी की भायखळ्याच्या आमच्या संग्रहालयाचे मूळ नावही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हेच होते!

आत काचेच्या कपाटांत निरनिराळ्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. मुले नाके काचेला लावून पाहत राहिली. त्यांतल्या एकाने, ज्याचे वडील मसाला मार्केटात माथाडी आहेत अशा चौथीतल्या एका मुलाने, मला विचारले, "बाई, ह्यांची नावं काय?"

मी म्हटले, "ही कुणा एकाची मूर्ती नव्हे रे. हे नमुने आहेत. अमुक धंद्याचा माणूस कसा दिसे, ते दाखवायला केलेले."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजी माझ्या आबांना काचेत ठेवलं, तर खाली नुसतं 'हमाल' लिवतील. आबांचं नाव न्हाई लिवणार."

मी सगळ्या मुलांना पाणी पिऊन यायला पाठवले. शिक्षकाला उत्तर सुचले नाही की मुलांना तहान लागते!

त्या मुलाचे उत्तर मी नंतर बरेच महिने शोधत होते, आणि ते शोधताना प्रथम त्या इमारतीचाच इतिहास हाती लागला. १८५५ साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी मुंबई इलाख्यातून नाना वस्तू गोळा करण्यात आल्या आणि प्रत्येकीचा एकेक जादा नमुना मुंबईत ठेवून घेण्यात आला. ह्या नमुन्यांचे संग्रहालय १८५७ साली कोटातल्या टाउन बॅरेक्समध्ये सुरू झाले. आज संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मूर्ती, नाणी आणि तलवारी येतात. पण ह्याचा हेतू निराळा होता. इलाख्यात काय पिकते, काय निघते आणि त्याचा व्यापारात उपयोग काय, हे दाखवण्यासाठी ते होते. धान्ये, तेलबिया, डिंक, रंग, औषधी मुळ्या, मसाले असा सारा पसारा होता. म्हणजे आजच्या वाशीच्या बाजारातला माल त्या काळी बरण्यांत भरून, चिठ्ठ्या लावून मांडला होता म्हणा ना!

त्याची व्यवस्था पाहणारा जॉर्ज बर्डवुड हा डॉक्टर १८३२ साली आपल्या बेळगावात जन्मलेला. त्याने १८६२ साली मुंबई इलाख्यातील वनस्पतिज मालाची एक जाडजूड यादी छापली. माणूस कष्टाळू होता, ह्या देशावर त्याचा जीवही होता, आणि इथल्या कारागिरीची त्याने विलायतेत पुष्कळ वाखाणणी केली. पण ह्याच बर्डवुडने १९१० साली लंडनच्या एका सभेत जावा बेटावरील बुद्धमूर्तीच्या छायाचित्राकडे निर्देश करून तिची तुलना उकडलेल्या चरबीच्या पुडिंगाशी केली. आमचे डिंक आणि मुळ्या ज्याने आयुष्यभर जिवापाड जपल्या, त्याला आमच्या ध्यानस्थ मूर्तीत विचार काही दिसला नाही. आमचा कच्चा माल घेण्याजोगा आहे, हे त्याला पटले होते. आमचे चिंतनही घेण्याजोगे असेल, हे पटणे त्याला जड गेले.

आता एक योगायोग पाहा. ज्या १८५७ साली हे संग्रहालय उघडले, त्याच वर्षीच्या जुलैत मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. एकाच वर्षी, एकाच शहरात, ज्ञानाची दोन घरे उभी राहिली. विद्यापीठाने इंग्रजांना काय ठाऊक आहे ते आम्हांला शिकवले. संग्रहालयाने आमच्याकडे काय पिकते ते मांडून ठेवले. आम्हांला काय ठाऊक आहे, हे विचारणारे तिसरे घर मात्र कुणी बांधले नाही. आमच्या शिक्षणाची सगळी गोम ह्यात आहे असे मला वाटते. बरणीतली हळद आमची होती; बरणीवरची चिठ्ठी त्यांची होती; आणि हळद केव्हा काढावी, किती शिजवावी, जखमेवर कशी दाबावी हे ज्यांना ठाऊक होते, ती माणसे बरणीतही नव्हती आणि चिठ्ठीवरही नव्हती.

नाही म्हणायला ह्या दोन्ही घरांत पाय असलेला एक माणूस त्या काळी होता. गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले रामचंद्र विठ्ठल लाड, म्हणजे डॉक्टर भाऊ दाजी. ते ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. त्यांनी पाश्चात्त्य वैद्यक शिकून घेतले, पण शिलालेख वाचले, पोथ्या जमवल्या, आणि कुष्ठरोगावर देशी वनस्पतींचे औषध शोधण्यात अनेक वर्षे घातली. भायखळ्याची इमारत उभी राहावी म्हणून झटणाऱ्यांत ते पुढे होते. १८७२ साली ती लोकांसाठी खुली झाली आणि दोनच वर्षांनी भाऊ गेले. इमारतीला त्यांचे नाव मिळाले ते १९७५ साली. एका चिठ्ठीवरचे नाव बदलायला आम्हांला एकशे एक वर्षे लागली!

परंतु ही चिठ्ठीची गोष्ट इंग्रजांपासून सुरू होत नाही. तिच्या आधी तीनशे वर्षे गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. आपली मुंबई, म्हणजे तेव्हाचे ते माडांचे बेट, त्याच्याकडे पट्ट्याने होती. १५६३ साली त्याने हिंदुस्थानातील औषधांवर एक ग्रंथ गोव्यातच छापला. ग्रंथ संवादरूप आहे. पोर्तुगालहून आलेला एक विद्वान पाहुणा प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. त्यात आपल्या हळदीवरही एक संवाद आहे. पण मला त्या ग्रंथात सर्वांत आवडते ती अंतोनिया. ती ओर्ताच्या घरची दासी. मालकाने हाक मारली की ती मुळी, पाला, फळ जे हवे ते आणून पुढे ठेवते. म्हणजे मालकाला काय हवे, ते कुठे मिळते आणि कसे ओळखावे, हे तिला ठाऊक असणार, हे उघडच आहे.

पुढे चारच वर्षांनी, १५६७ साली, क्लुसियस नावाच्या पंडिताने ह्या ग्रंथाचा लॅटिनमध्ये संक्षेप केला. युरोपभर वाचला गेला तो हा संक्षेप. आटोपशीर व्हावे म्हणून त्याने संवाद काढून टाकले आणि निव्वळ माहिती ठेवली. संवाद गेला, तशी दारातून मुळी घेऊन येणारी अंतोनियाही गेली. कुणी तिला हाकलले नाही, कुणी तिचा द्वेष केला नाही. शास्त्र नीटनेटके करताना ती केराबरोबर बाहेर पडली. खुद्द ओर्ताची कथाही काही सुखाची नाही. तो मूळचा ज्यू. मरणानंतर बारा वर्षांनी, १५८० साली, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ज्ञान घेणाऱ्यांच्या राज्यातही सगळेच ज्ञानी सुखरूप नव्हते, हे आपण विसरू नये.

ह्याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि ते सांगताना माझा ऊर भरून येतो. गोव्यातील छळाला कंटाळून पुष्कळ कोकणी कुटुंबे दक्षिणेस कोचीनला जाऊन राहिली होती. त्यांतले रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट असे तिघे वैद्यकी करीत. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड ह्याने मलबारच्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ रचण्याचे काम काढले. 'होर्तुस मलबारिकुस' ह्या नावाने त्याचे बारा खंड १६७८ पासून १६९३ पर्यंत अॅमस्टरडॅमला छापले गेले. त्यात सुमारे सव्वासातशे-साडेसातशे वनस्पती आहेत. हे ज्ञान मुख्यतः इट्टी अच्युतन ह्या मलबारी वैद्याचे. तो एळव जातीचा, त्या काळच्या समजुतीप्रमाणे खालचा. त्याला आमच्या तिघा भटांची जोड होती. आणि पहिल्या खंडात ह्या चौघांचे जबाब त्यांच्या नावांनिशी छापले आहेत! तिघा भटांचा जबाब कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरात आहे. दोन वर्षे आपण हे काम केले, असे ते त्यात सांगतात. युरोपात नागरी लिपी छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी हा एक, आणि ती अक्षरे राजाच्या स्तुतीची नाहीत, झाडपाला सांगणाऱ्यांच्या साक्षीची आहेत.

म्हणजे परक्या राज्यकर्त्यालाही नाव लिहिता येत होते. त्याने मनात आणले आणि लिहिले. जिथे लिहिले गेले नाही, तिथे ते लिहिण्याची गरज वाटली नाही, एवढेच. लिनियसने १७५३ साली वनस्पतींना शास्त्रीय नावे देताना व्हान ऱ्हीडच्या चित्रांचा भरपूर उपयोग केला. पण तोपर्यंत चित्रे शास्त्राची झाली होती आणि इट्टी अच्युतन मागे राहिला होता. मूळ ग्रंथ लॅटिनमध्ये, तेव्हा ज्यांच्या पूर्वजांनी तो सांगितला त्यांनाच तो वाचता येईना. केरळच्या मणिलाल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्याची तीनएक दशके ह्या एका कामाला दिली. त्यांचे इंग्रजी भाषांतर २००३ साली केरळ विद्यापीठाने काढले, आणि मागाहून मल्याळमही आले. सांगितलेले परत ऐकू यायला सव्वातीनशे वर्षे लागली.

हे सगळे जुने झाले, असे कुणी म्हणेल. मग आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेले ऐका. १९९५ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ क्रमांकाचे एक पेटंट मंजूर केले. ते मिसिसिपीतील विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले आणि संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते. शोध कोणता? तर जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग! खेळताना गुडघा फुटला की आजी चिमूटभर हळद दाबून धरते. त्या चिमटीवर सातासमुद्रापलीकडे कुणाची तरी मालकी लागली.

त्या वेळी आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातल्या माशेलचे, आणि गिरगावात अनवाणी शाळेत गेलेले. परिषदेने १९९६ साली अमेरिकेत ह्या पेटंटाला आव्हान दिले आणि बत्तीस पुरावे पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक लेखही होता. १९९७ सालच्या ऑगस्टमध्ये पेटंट कार्यालयाने हक्काचे सारे दावे फेटाळले. आपण जिंकलो. गुढीपाडव्याच्या कडुलिंबाचेही पुढे तसेच झाले. त्यापासून केलेल्या बुरशीनाशकाचे युरोपातील पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ साली अपिलातही ते तगले नाही. २००१ पासून आपल्या सरकारने पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश रचायला घेतला. त्यात ग्रंथांतले औषधी पाठ पाच परकीय भाषांत उतरवून परदेशच्या पेटंट तपासनिसांपुढे ठेवले जातात.

ह्या विजयाचा मला अभिमान आहे. पण त्या वेळचा अमेरिकेचा कायदा काय होता, हे समजले तेव्हा मी जरा विचारात पडले. एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना माहीत असली किंवा वापरात असली, तर तिच्यावर पेटंट मिळत नसे. मात्र तीच गोष्ट परदेशात कोट्यवधी घरांत वापरात असली, तर तेवढ्याने भागत नसे; ती कुठेतरी छापलेली असावी लागे. म्हणजे अमेरिकेतली आजी साक्षीदार होऊ शकत होती, आपली आजी नव्हे! आपल्या आजीच्या वतीने कागदाला साक्ष द्यावी लागली. हा भेद अमेरिकेने २०१३ सालच्या मार्चपासून काढून टाकला. आता जगात कुठेही लोकांना उघडपणे ठाऊक असलेली गोष्ट तिथे जुनीच धरली जाते. उशिरा का होईना, आजीचे नाव साक्षीदारांच्या यादीत आले.

आता ह्यात दोष सगळा परक्यांचाच, असे म्हटले तर दिवाळीचा दिवस आनंदात जाईल. पण ते खरे होणार नाही. हळद कोण लावीत होते, पाऊस हुकला तर काय करीत होते, काहिलीत किती वेळ शिजवीत होते, हे आमच्या पोथ्यांनी तरी कुठे लिहून ठेवले? आमच्या पोथ्यांत वैद्याचे नाव आहे, राजाचे आहे, पोथी उतरून घेणाऱ्याचेही आहे. कुणबिणीचे नाही, सुइणीचे नाही. इट्टी अच्युतनाला डच माणसाने साक्षीला बसवले. त्याच्या गावच्या पंडितांनी त्याला आपल्या पंक्तीला बसवले असते का? परक्यांनी जी चिठ्ठी आमच्यावर चिकटवली, तशाच चिठ्ठ्या आम्ही आधीपासून एकमेकांवर चिकटवीत होतो. आणि "सारे काही आमच्या ग्रंथांत आधीच आहे" असे छाती पिटून म्हणणारे लोक तरी काय करतात? तेही चिठ्ठीच बदलतात. बरणीतला माणूस दोघांनाही नको असतो.

दोनएक वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयातल्या चर्चासत्राला गेले होते. विषय हाच, ज्ञानाला परकीय वर्चस्वातून सोडवण्याचा. दिवसभरात आठ भाषणे झाली, आठही इंग्रजीत. नाव नोंदवण्याच्या कागदावर 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना होता. मी खरे ते लिहिले. टेबलामागच्या मुलीने तो कागद पाहिला आणि अगदी सौजन्याने मला सांगितले, "बाई, चर्चेत भाग घेणाऱ्यांची यादी वेगळी आहे हं. तुम्ही श्रोत्यांत बसा." मी बसले. भाषणे चांगली होती, मी पुष्कळ शिकले. राग आला नाही असे नाही. पण घरी येताना लोकलमध्ये मला तो मातीच्या मूर्तींपुढे उभा असलेला मुलगा आठवला आणि राग ओसरून लाज वाटू लागली. कारण त्याचे वडील आठवड्यातून दोनदा त्याला वर्गात सोडायला येत होते, दारात उभे राहत होते, आणि मी तरी त्यांना कधी काही विचारले होते?

म्हणून यंदा ती तेवीस मुले आणि त्या तेवीस वह्या.

मार्केटात त्या मुलाचे वडील आमची वाट पाहत उभे होते. ते मूळचे पाटण तालुक्यातले. बाजारातल्या अनेक माथाड्यांचे गाव साताऱ्याच्या नाहीतर सांगलीच्या बाजूला असते. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. एके काळी ह्या माणसाचे नाव कुठल्याच वहीत नसे. काम असेल त्या दिवशी तो असे, नसेल त्या दिवशी नसे. अण्णासाहेब पाटलांनी ह्या लोकांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि मग मंडळाच्या नोंदवहीत नाव, मजुरीचा हिशेब, भविष्य निर्वाह निधी हे सारे आले. त्याच्या पाठीची नोंद झाली. डोक्याची व्हायची होती.

मुलांनी त्यांना हळदीच्या पोत्यांभोवती गराडा घातला. त्यांनी एका पोत्यातून दोन हळकुंडे काढली. "ही राजापुरी, आपल्या सांगलीकडची. जाडजूड असती. आन् ही सेलम. मोडून बघा, आतनं गर्द केशरी दिसंल." मग त्यांनी डोळे मिटले आणि एक हळकुंड कानाशी धरून मोडले. खण्ण असा आवाज झाला. "नीट वाळलेली. ओली ऱ्हायली तर बद्द वाजतीया. आन् वरनं रंग चोपडलेली आसंल तर नुसती चोळली की बोटाला सुटती." हे त्यांना कुणी शिकवले, असे एका मुलीने विचारले. त्यांनी आपल्या चुलत्यांचे नाव सांगितले. चुलत्यांना कुणी शिकवले? सांगलीच्या बाजूला हरिपुरात हळदीच्या पेवांवर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने. मग पेव म्हणजे काय ते निघाले. जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची कोठी. तिच्यात हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, आतली कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची, नाहीतर माणूस गुदमरून मरतो. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळ पेवे निकामी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, विदर्भातल्या वायगावच्या हळदीला त्याआधी दोन वर्षे. मालाला गावाचे नाव मिळाले, ही मोठी गोष्ट झाली. पेवात उतरणाऱ्या म्हाताऱ्याचे नाव आमच्या वर्गातल्या एका वहीत त्या दिवशी पहिल्यांदा लिहिले गेले.

मी त्यांना म्हटले, "दादा, हे सगळं आम्ही वर्गात मांडणार आहोत. बरण्या ठेवणार आणि प्रत्येक बरणीवर सांगणाऱ्याचं नाव लिहिणार. तुमचं पूर्ण नाव सांगा."

ते एकदम संकोचले. हातातल्या हळकुंडाचे तुकडे परत पोत्यात टाकले, हात झटकले आणि म्हणाले, "माझं कशाला, बाई? मी कुठं शिकलोय?"

हे वाक्य मी ओळखले. माझ्या तोंडून ते कितीदा तरी गेले आहे. सभेत, संपादकांच्या पत्रात, आणि त्या महाविद्यालयातल्या टेबलापुढे, मनातल्या मनात. दीडशे वर्षांच्या शाळांनी आम्हांला पुष्कळ दिले, ते मी नाकारणार नाही. पण त्याबरोबर हे एक वाक्यही आम्हां सर्वांना पाठ करून दिले आहे. संग्रहालयातल्या वस्तू परत येतील, इमारतींची नावे बदलतील, पेटंटे रद्द होतील. ते सारे व्हावेच. पण हे वाक्य माणसाच्या तोंडून जाईल, तेव्हा खरे स्वातंत्र्य वर्गापर्यंत पोचले असे मी म्हणेन.

मी काही बोलायच्या आत त्यांचा मुलगा पुढे आला. त्याने वही गुडघ्यावर धरली आणि वडिलांना न विचारताच त्यांचे नाव लिहिले. आधी त्यांचे, मग आजोबांचे, मग आडनाव. अक्षर मोठे, ओळीच्या बाहेर जाणारे. लिहून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाई, खाली 'हमाल' लिवू का?"

मी म्हटले, "ते तूच ठरव."

त्याने थोडा विचार केला. मग पेन्सिल ओली करून नावाखाली लिहिले, 'हळद ओळखणारे'.

ती बरणी आता आमच्या वर्गाच्या खिडकीत आहे. तिच्या शेजारी आणखी दहा आहेत. मिरचीच्या बरणीवर एका आईचे नाव आहे, धण्याच्या बरणीवर दोघी बहिणींची. कुणी पाहुणे आले तर मुले आधी चिठ्ठ्या वाचून दाखवतात आणि मग झाकण उघडतात. यंदा नरकचतुर्दशीला पहाटे उटणे कालवताना माझ्या मनात आले, की ही आंबेहळद अंगाला लावायला मला माझ्या आजीने शिकवले, आणि तिला तिच्या सासूने. आजीचे नाव मला ठाऊक आहे. तिच्या सासूचे ठाऊक नव्हते. आंघोळी आटोपल्यावर मी आईला गावाकडे फोन लावला आणि विचारून घेतले. तेही आता वहीत आहे.